लिनक्सवर किंवा मॅकवर वेबसाइट ब्लॉक करायची, पण अडवायचं नेमकं कुठे?

लिनक्स, मॅक किंवा बीएसडीवर एखादी वेबसाइट ब्लॉक कशी करायची असं कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं असतं: होस्ट्स फाइलमध्ये एक ओळ टाक, झालं काम. उत्तर चुकीचं नाही. ओळ टाकली की साइट खरंच उघडायची थांबते आणि आपण खूश होतो. मग दोन दिवसांनी तीच साइट नावाआधी ‘एम डॉट’ लावून उघडते. कधी व्हीपीएन चालू केल्यावर उघडते. त्याच वायफायवरच्या फोनवर तर ती कधी बंद झालेलीच नसते. तेव्हा कळतं, की आपण काहीतरी अडवलं होतं खरं, पण काय, ते आपल्यालाच माहीत नव्हतं.

म्हणून आधी साइट उघडते कशी ते पाहू. ब्राउझरला नाव दिलं की तो त्या नावाचा आयपी पत्ता शोधतो. पत्ता सापडला की तिथे जोडणी करतो. जोडणी झाली की ‘मला या साइटचं हे पान हवं’ अशी मागणी पाठवतो. नाव, पत्ता, मागणी. अडवायच्या जागा याच तीन आहेत आणि ब्लॉक करण्याचा प्रत्येक उपाय यातल्या एखाद्या जागी उभा राहतो. तो फसतो, तेव्हा बहुतेकदा कारण एकच असतं: मागणारा त्या जागेवरून गेलेलाच नसतो.

पुढे फाइलींची आणि कमांडची नावं देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष मशीनवर अक्षरं आणि आकडे दोन्ही रोमनच टाका. होस्ट्स फाइलला देवनागरी शून्य कळत नाही.

डीएनएसच्याही आधीची फाइल

ही फाइल ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये असते आणि तिचं नाव नुसतंच ‘होस्ट्स’. तिचं मूळ अर्पानेटच्या, म्हणजे इंटरनेटच्या आधीच्या नेटवर्कच्या, काळात आहे. तेव्हा नेटवर्कवरच्या सगळ्या मशीनची नावं आणि पत्ते एकाच फाइलमध्ये असत. स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांचा गट ती सांभाळायचा आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घ्यायचे. मशीन वाढत गेली तशी ही पद्धत दमली. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा, आराखडा मांडला आणि एका यादीच्या जागी जगभर वाटलेली व्यवस्था आली. जुनी फाइल मात्र कुणी काढून टाकली नाही. आपलं मशीन अजूनही आधी तिच्यात डोकावतं आणि तिथे नाव सापडलं नाही तरच बाहेर विचारतं.

लिनक्सवर हा क्रम ‘एनएस स्विच डॉट कॉन्फ’ या फाइलमध्ये लिहिलेला असतो. तिथल्या ‘होस्ट्स’ या ओळीत ‘फाइल्स’ हा शब्द ‘डीएनएस’च्या आधी येतो. या एका शब्दाच्या जागेवर सगळी युक्ती उभी आहे. आपण फाइलमध्ये खोटा पत्ता लिहून ठेवतो, मशीन त्यावर विश्वास ठेवतं आणि खरा पत्ता विचारायला बाहेर पडतच नाही.

ओळ अशी असते: आधी पत्ता, मग मोकळी जागा, मग नाव.

०.०.०.० एक्झाम्पल.कॉम
०.०.०.० डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम

फाइल बदलायला रूटचे, म्हणजे मशीनच्या सर्वाधिकारी खात्याचे, अधिकार लागतात, म्हणून एडिटर ‘सुडो’ ही ते अधिकार देणारी कमांड लावून उघडायचा. काही जण ०.०.०.० ऐवजी १२७.०.०.१ लिहितात. तो आपल्याच मशीनचा पत्ता. दोन्हींनी काम होतं. पण तुम्ही वेब डेव्हलपर असाल आणि मशीनवर स्वतःचा सर्व्हर चालू असेल, तर ब्लॉक केलेल्या साइटच्या जागी तुमचंच अर्धवट पान समोर येऊ शकतं. गंमत म्हणजे लिनक्सवर ०.०.०.० ला जोडणी करायला गेलं तरी ती शेवटी आपल्याच मशीनवर येते, त्यामुळे त्या शून्यांना फार जादूई समजू नका.

इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, या फाइलला ‘अमुक डोमेन आणि त्याखालचं सगळं’ अशी भाषा येत नाही. तारा चिन्ह चालत नाही. प्रत्येक सबडोमेनची, म्हणजे आधी ‘एम डॉट’सारखं काही लागलेल्या नावाची, वेगळी नोंद करावी लागते. मोठ्या साइटची अशी नावं डझनांनी असतात आणि त्यातली निम्मी आपल्याला ठाऊकही नसतात. दुसरं, आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवी पद्धत. फक्त जुन्या आयपीव्ही४ चा खोटा पत्ता दिला, तर काही मशीन आयपीव्ही६ चा पत्ता डीएनएसला वेगळा विचारू शकतात आणि साइट मागच्या दाराने आत येते. प्रत्येक नावासाठी ‘::’ ने सुरू होणारी आणखी एक ओळ टाकली की ते दारही बंद.

जाहिराती आणि माग काढणारे सर्व्हर अडवण्यासाठी लोकांनी जमवलेल्या तयार होस्ट्स याद्या मिळतात. स्टीव्हन ब्लॅक यांची एकत्रित यादी त्यातली बरीच वापरली जाणारी. अशा याद्यांत हजारो ओळी असतात, त्यामुळे जी काही उतरवाल ती डोळे झाकून चिकटवू नका. प्रत्येक ओळीची सुरुवात ०.०.०.० किंवा १२७.०.०.१ ने होते की नाही एवढं ‘ग्रेप’ ही मजकूर शोधणारी कमांड लावून तपासा. वरच्या लोकलहोस्ट वगैरेच्या नेहमीच्या नोंदी सोडल्या तर तिसरा कुठलाही पत्ता दिसता कामा नये. कारण हीच फाइल साइट बंद करू शकते तशी तुमच्या बँकेचं नाव भलत्याच सर्व्हरकडेही वळवू शकते.

ओळ टाकली, तरी साइट उघडतेच

हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे, की इथे जरा थांबतो.

बहुतेक वेळा दोष कॅशचा असतो. एकदा सापडलेला पत्ता सिस्टिम आणि ब्राउझर दोघंही काही काळ लक्षात ठेवतात. सिस्टिमडी (सिस्टिमच्या सेवा सांभाळणारा प्रोग्रॅम) असलेल्या लिनक्सवर ‘रिझॉल्व्ह सीटीएल फ्लश कॅशेस’ ही कमांड ती आठवण पुसते. मॅकवर ‘डीएस कॅश यूटिल’ला फ्लश करायला सांगायचं आणि ‘एमडीएनएस रिस्पॉन्डर’ला हँगअपचा सिग्नल द्यायचा. एवढं करूनही उघड्या टॅबमधली साइट चालूच राहते, कारण तिची जोडणी आधीच झालेली असते. ज्याच्या हातात पत्ता आहे आणि जो दारात उभाही आहे, तो पुन्हा पत्ता कशाला विचारेल? ब्राउझर पूर्ण बंद करून उघडला की फरक दिसतो.

पण सगळ्यात जास्त वेळ खाते ती चुकीची तपासणी. ब्लॉक लागला का ते पाहायला बरेच जण ‘डिग’ किंवा ‘एनएस लुकअप’ चालवतात. साइटचा खराखुरा पत्ता छापून येतो, आणि मग फाइलच्या परवानग्या बघ, स्पेलिंग बघ, मशीन रिस्टार्ट कर, असा घोळ सुरू होतो. मी यात एकदा अर्धी संध्याकाळ घालवली आहे. खरी गोष्ट एवढीच, की ही दोन्ही साधनं डीएनएसची चौकशी करण्यासाठीच बनलेली आहेत. ती होस्ट्स फाइलकडे बघतच नाहीत, थेट डीएनएस सर्व्हरला प्रश्न विचारतात. आग रामेश्वरी अन् बंब सोमेश्वरी. लिनक्सवर ‘गेटएंट होस्ट्स’ आणि त्यापुढे साइटचं नाव द्या. ही कमांड बाकीचे प्रोग्रॅम ज्या क्रमाने नाव शोधतात त्याच क्रमाने जाते. साधं ‘पिंग’ही चालेल. उत्तर यायची गरज नाही, पहिल्या ओळीत तो कोणत्या पत्त्यावर जातोय तेवढं वाचा.

आणखी एक छुपी जागा म्हणजे कंटेनर आणि व्हर्च्युअल मशीन, आपल्या मशीनच्या आत चालणाऱ्या वेगळ्या सिस्टिम. प्रत्येकाची स्वतःची होस्ट्स फाइल असते. यजमान मशीनवर लिहिलेलं त्यांना कळत नाही.

नावाचा पहारा एकाच जागी

घरातल्या किंवा ऑफिसातल्या प्रत्येक मशीनवर फाइल बदलत बसणं शहाणपणाचं नाही, आणि फोनवर तर ते सहसा शक्यच नसतं. त्यापेक्षा सगळे जिथे नाव विचारायला येतात ती जागा आपल्या ताब्यात घ्यावी. म्हणजे स्वतःचा डीएनएस सर्व्हर चालवावा. ऐकायला भारी वाटतं, पण ‘डीएनएस मास्क’ हा त्यासाठीचा प्रोग्रॅम इतका हलका आहे, की अनेक राउटरमध्ये तो आधीपासूनच असतो. त्याच्या कॉन्फिगरेशनमध्ये ‘अॅड्रेस’ने सुरू होणारी एक ओळ लिहिली, की ते डोमेन आणि त्याखालची सगळी सबडोमेन एका दमात जातात. होस्ट्स फाइलला जे कधी जमलं नाही ते इथे एका ओळीत होतं. ‘अनबाउंड’ हा दुसरा पर्याय. जाहिराती अडवणारं प्रसिद्ध ‘पाय-होल’ही आतून डीएनएस मास्कच्याच सुधारित रूपावर चालतं. त्यावर वेबची सोयीची खिडकी बसवलेली आहे.

इथे खोटा पत्ता देण्यापेक्षा ‘असं नावच अस्तित्वात नाही’ असं उत्तर देणं मला जास्त बरं वाटतं. ब्राउझर ताबडतोब हात टेकतो, कुठल्या तरी पत्त्यावर ठोठावत बसत नाही.

स्वतः काही चालवायचं नसेल तर गाळून उत्तर देणारे सार्वजनिक डीएनएस आहेत. क्लाउडफ्लेअरची १.१.१.३ ही सेवा प्रौढांसाठीच्या आणि घातक साइटची नावं सोडवत नाही, म्हणजे त्यांचा पत्ता सांगत नाही, ९.९.९.९ वरची क्वाड९ घातक साइटची. राउटरच्या सेटिंगमध्ये तेवढा आकडा टाकला की झालं. तोच आकडा मशीनवरच्या ‘रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ’ या डीएनएस सर्व्हरचा पत्ता ठेवणाऱ्या फाइलमध्ये हाताने लिहाल, तर मात्र नेटवर्क पुन्हा जोडलं जाताच तो गायब झालेला आढळेल. आजकाल ती फाइल नेटवर्क मॅनेजर किंवा सिस्टिमडी स्वतः लिहितात. बदल त्यांच्या सेटिंगमध्ये करायचा.

या पहाऱ्याला सुरुंग लावला तो डीएनएस ओव्हर एचटीटीपीएसने. २०१८ मध्ये त्याचं मानक प्रसिद्ध झालं. ब्राउझर नाव विचारतो, पण तुमच्या सर्व्हरला नाही. तो बंद पाकिटात प्रश्न घालून थेट दूरच्या कंपनीच्या सर्व्हरला पाठवतो, आणि बाहेरून बघणाऱ्याला तो साधा वेब ट्रॅफिक दिसतो. खासगीपणाच्या दृष्टीने ही गोष्ट चांगलीच आहे. कुठल्याही आडवाटेच्या वायफायवर तुम्ही काय बघताय हे तिथल्या मालकाला कळू नये, हाच तिचा हेतू. पण स्वतःच्या नेटवर्कचे मालक आपणच असलो, की हीच सोय आपल्याला नडते.

फायरफॉक्सने यावर दोन तोडगे ठेवले आहेत. होस्ट्स फाइलमध्ये जी नावं आहेत ती तो मुळातच या बंद पाकिटातून विचारत नाही, त्यामुळे फाइलमधला ब्लॉक टिकतो. आणि ‘यूज-अॅप्लिकेशन-डीएनएस डॉट नेट’ या खास नावाला तुमच्या डीएनएसने ‘नाही’ असं उत्तर दिलं, तर आपोआप चालू झालेली ही सोय तो बंद ठेवतो. वापरणाऱ्याने सेटिंगमध्ये जाऊन ती स्वतः चालू केली असेल तर मात्र हा इशारा तो मानत नाही.

पत्त्यावर नाकाबंदी

मग फायरवॉलच लावू ना, असा विचार येतोच. लिनक्सवर आयपीटेबल्स किंवा त्याचा वारसदार एनएफटेबल्स, ओपनबीएसडी आणि मॅकवर पीएफ. कर्नलच्या, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याच्या, पातळीवरची ही नाकाबंदी आहे. ब्राउझरने नाव कुठूनही शोधलेलं असो, डेटाचं पाकीट त्या पत्त्याकडे निघालं की अडतं.

वेबसाइट ब्लॉक करायला मात्र हे हत्यार बेतास बात आहे. आयपीटेबल्सच्या नियमात तुम्ही साइटचं नाव लिहू शकता, आणि तिथेच फसगत होते. ते नाव नियम टाकतानाच एकदा सोडवलं जातं आणि आत साठतो तो त्या क्षणीचा आकडा. पीएफही नियम वाचतानाच नाव सोडवतो. उद्या साइटचा पत्ता बदलला की नाकाबंदी रिकाम्या रस्त्यावर उभी. उलट बाजू याहून वाईट. आज असंख्य साइट मोजक्या सीडीएन कंपन्यांच्या (इतरांच्या साइट आपल्या सर्व्हरवरून पोचवणाऱ्या) मागे बसलेल्या असतात आणि एकाच पत्त्यावरून हजारो नावं चालतात. एकीला अडवायला गेलात, की सुक्याबरोबर ओलंही जळतं, आणि भलतीच साइट का उघडत नाही याचा शोध घेत बसावं लागतं.

पत्त्यावरून अडवण्याची ताकद किती भलतीकडे जाऊ शकते याचं एक उदाहरण इंटरनेटच्या इतिहासात आहे. २४ फेब्रुवारी २००८ ला पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करण्यासाठी यूट्यूबच्या पत्त्यांचा मार्ग स्वतःकडे वळवला. देशापुरती ठेवायची ती मार्गाची घोषणा बाहेर झिरपली, जगभरच्या राउटरनी ती खरी मानली आणि यूट्यूब जवळजवळ दोन तास जगात अनेक ठिकाणी उघडेना. लिनक्सवर ‘ब्लॅकहोल’ राउट टाकून आपणही आपल्या मशीनपुरतं असंच करतो, एखाद्या पत्त्याची वाट काळ्या विवरात सोडून देतो. आपली घोषणा कुणी ऐकत नाही, एवढं आपलं नशीब.

फायरवॉल वापरायचीच असेल, तर तिला वेबसाइटच्या मागे लावू नका, डीएनएसच्या मागे लावा. पोर्ट ५३ वर (साधा डीएनएस याच क्रमांकाच्या दारातून जातो) बाहेर जाणारा प्रत्येक प्रश्न आपल्याच सर्व्हरकडे वळवा आणि ८५३ बंद करा. ८५३ हे डीएनएस ओव्हर टीएलएसचं, म्हणजे बंद पाकिटातल्या डीएनएसच्याच दुसऱ्या प्रकाराचं, पोर्ट आहे. म्हणजे कुणी मशीनमध्ये दुसरा डीएनएस टाकला तरी उत्तर तुमचाच देणार. पोर्ट ४४३ वरून जाणारा एचटीटीपीएसवाला प्रश्न यातूनही सुटतो, कारण ४४३ बंद केलं तर सगळं वेबच बंद होईल.

दुसरा खरा उपयोग म्हणजे माणसागणिक नियम. आयपीटेबल्सच्या ‘ओनर’ मॉड्यूलने सांगता येतं, की या युजरच्या प्रोग्रॅमची पाकिटं बाहेर सोडू नकोस, बाकीच्यांची सोड. होस्ट्स फाइल सगळ्यांना एकाच मापाने मोजते, हे मॉड्यूल मोजत नाही. नियम लिहिताना ‘ड्रॉप’ऐवजी ‘रिजेक्ट’ लिहा. ड्रॉपमध्ये पाकीट गुपचूप फेकलं जातं आणि ब्राउझर मिनिटभर गोल फिरत बसतो. रिजेक्टमध्ये नकार लगेच कळतो.

मागणीच वाचणारा मध्यस्थ

तिसरी जागा प्रॉक्सीची. ‘स्क्विड’ हा त्यातला जुना, मुरलेला गडी. ब्राउझर बाहेर थेट जात नाही, स्क्विडला सांगतो आणि स्क्विड आणून देतो. त्यामुळे त्याला नाव कळतं, वेळ कळते, मागणारा कोण ते कळतं. ‘सकाळी नऊ ते सहा या यादीतल्या साइट या गटाला नाहीत’ असा नियम फक्त इथेच नीट लिहिता येतो. नावाच्या सुरुवातीला टिंब दिलं की सबडोमेनही त्यात आली.

एचटीटीपीएसमुळे स्क्विडला आत कोणतं पान चाललंय ते दिसत नाही, पण ‘अमुक साइटशी जोडून दे’ ही मागणी तो ऐकतो आणि तिथेच नाही म्हणू शकतो. तुमचं सुबक ‘ही साइट बंद आहे’ हे पान मात्र ब्राउझर दाखवणार नाही, प्रॉक्सीने नकार दिला एवढीच रुक्ष चूक दाखवेल. त्यामागे कारण आहे. सुरक्षित जोडणी मागितलेली असताना मधल्याच कुणीतरी दिलेलं पान ब्राउझरने दाखवलं, तर त्या सुरक्षिततेला काही अर्थच उरणार नाही. प्रमाणपत्रं बदलून आतलं वाचणारे प्रकार असतात, पण प्रत्येक मशीनवर स्वतःचं मूळ प्रमाणपत्र बसवणं आणि लोकांचे पासवर्डसुद्धा वाचता येतील अशा जागी बसणं, हे साइट अडवण्यासाठी फार मोठं ओझं आहे. मी ते सुचवणार नाही.

प्रॉक्सी ऐच्छिक ठेवली तर ब्राउझरच्या सेटिंगमधून ती काढणं दोन क्लिकचं काम आहे. मागे सांगितलेलं ओनर मॉड्यूल इथे पुन्हा कामाला येतं: वेबच्या पोर्टवर बाहेर जायची परवानगी फक्त स्क्विडच्या युजरला द्या. मग दुसरी वाटच राहत नाही.

किल्ली कोणाकडे?

वरचा कुठलाही उपाय रूटने लावलेला आहे आणि रूट तो काढू शकतो. ‘सीएचअॅटर’ने होस्ट्स फाइलवर ‘आय’ ही खूण लावली तर रूटलाही ती थेट बदलता येत नाही. बीएसडी आणि मॅकवर ‘सीएचफ्लॅग्स’ आहे. पण लिनक्सवर तोच रूट ती खूण दुसऱ्या कमांडने काढतो. मशीन हातात असलेला माणूस पेन ड्राइव्हवरून दुसरी सिस्टिम चालू करूनही फाइल बदलू शकतो. म्हणून कोणता उपाय निवडायचा हे ठरवण्याआधी कुणाला अडवायचंय ते स्वतःला विचारा.

स्वतःलाच अडवायचं असेल, कामाच्या वेळी बोटं आपोआप त्याच साइटकडे वळतात म्हणून, तर होस्ट्स फाइल पुरेशी आहे. तिथे तटबंदी नको असते, थोडा अडथळा हवा असतो. दोन फाइली तयार ठेवा, एक ब्लॉक असलेली आणि एक नसलेली, आणि रूटच्या क्रॉनला ठरल्या वेळी त्यांची अदलाबदल करू द्या. मधेच काढायची झाली तर सुडो, पासवर्ड, एडिटर, कॅश, ब्राउझर बंद, एवढं सगळं करावं लागतं. तेवढ्यात बऱ्याचदा इच्छा ओसरते.

घरातलं मूल असेल, तर आधी त्याच्या खात्यातून सुडो काढा आणि मग डीएनएसच्या पातळीवर या. सुडो तसंच ठेवून बाकी सगळं लावणं म्हणजे कुलूप लावून किल्ली दारावरच टांगणं. आणि अख्खं नेटवर्क सांभाळायचं असेल, तर स्वतःचा डीएनएस, त्यामागे पोर्ट ५३ ची नाकाबंदी आणि खरोखर गरज असेल तरच प्रॉक्सी. व्हीपीएन आणि फोनचा मोबाइल डेटा या सगळ्यांना वळसा घालून जातात. व्हीपीएन मशीनवर बसवता येऊ नये एवढी काळजी घेता येते. मोबाइल डेटा तुमच्या नेटवर्कवरून जातच नाही, त्याला तुमचा कुठलाच नियम लागू नाही.

होस्ट्स फाइलमध्ये ओळ टाकाल तेव्हा तिच्या वर हॅशचं चिन्ह देऊन तारीख आणि कारण लिहून ठेवा. हॅशनंतरचा मजकूर सिस्टिम वाचत नाही, तो तुमच्यासाठी असतो. सहा महिन्यांनी एखादी साइट काही केल्या उघडत नाही, बाकी सगळं चालतंय, सर्व्हिस प्रोव्हायडरला फोन करायची वेळ आलीय, अशा वेळी फोन उचलण्याआधी त्या साइटचं नाव होस्ट्स फाइलमध्ये एकदा ग्रेप करून बघा.